प्लूटोवरचा धूर

सायमा पुर्सियाइनेन मेली असं गावानं ठरवलं, त्या बुधवारी ती आपल्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचा पाव भाजत होती. हे मला नंतर कळलं. बुधवारी माझी बस त्या गावाला जात नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, आणि तीही का जाते हे कुणी फार खोलात शिरून विचारू नये अशी माझी इच्छा आहे.

बस जाते ती प्लूटोमुळे. आमच्या नगरपालिकेला एकदा उत्साह आला होता. शहरातली पाण्याची टाकी पिवळी रंगवून तिला सूर्य केलं आणि त्याच मापानं बाकीचे ग्रह रस्त्याच्या कडेनं मांडत नेले. पृथ्वी पेट्रोलपंपाच्या पुढे आहे, सोललेल्या नारळाएवढी. शनी लाकडाच्या वखारीसमोर आहे आणि त्याच्या कड्यांवर कामगार जेवणाचे डबे ठेवतात. नेपच्यून तिठ्यावर, जिथं मी राहतो. त्यानंतर नुसतं जंगल, पाइनची झाडं आणि रस्त्यात मध्येच उभं राहून बसकडे तुच्छतेनं बघणारे रेनडियर. जंगल संपलं की हल्लालाम्पी गाव, तळं, आणि तळ्याकाठी बंद पडलेल्या शाळेसमोर ग्रॅनाइटचा एक दगड. त्या दगडावर बोराएवढा पोलादी गोळा बसवलाय. तो प्लूटो. टाकीपासून साठ किलोमीटरला एक कमी. लोक तो बघायला येतील म्हणून बस तिथवर जाते.

तेव्हापासून गावाचं खरं नाव फक्त नकाशात आणि थडग्यांवर उरलंय. डेपोत मला विचारतात, "ओस्मो, आज प्लूटोला किती?" मी म्हणतो, तीन. कधी म्हणतो, मीच.

मी मूळचा तिथलाच. त्या शाळेत शिकलो, म्हणजे त्या शाळेत जेवलो. शाळेचा स्वयंपाक सायमाकडे होता. गावातल्या चाळिशीवरच्या प्रत्येकाची हाडं तिच्या गुरुवारच्या वाटाण्याच्या आमटीवर पोसलेली आहेत. आमटी घट्ट असायची. कुणी पानात टाकली तर ती रागवायची नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहायची. अख्खी आमटी संपेपर्यंत. मी पुढे सैन्यात गेलो तेव्हा तिथल्या सुभेदाराची भीती वाटली नाही याचं कारण हेच.

तिचा नवरा एलिस जंगलात लाकूडतोडीला होता. तो एका शरद ऋतूत, करवत हातात असतानाच, छातीत कळ येऊन गेला. मुलगा इल्पो तेव्हा कॉलेजात होता. नंतर शाळा बंद झाली. मग दुकान बंद झालं. मग चर्चवाल्यांनी पाद्री पाठवणं बंद केलं, त्याचं कुणाला विशेष काही वाटलं नाही. सायमा राहिली त्याच घरात, ज्यात ती जन्मली होती. शाळा गेल्यावर रिकाम्या हातांचं काय करायचं म्हणून तिनं प्लूटो अंगावर घेतला. रोज सकाळी उठायचं, चूल पेटवायची, कॉफी प्यायची, आणि रानकोंबड्याचा एक वाळवलेला पंख घेऊन दगडावरचं बर्फ झाडायचं. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडून ते कुणाला काढूनही घेता येईना.

मध्यंतरी मोठ्या शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं. नगरपालिकेनं एक माणूस नवी पाटी घेऊन पाठवला. सायमानं त्याला कॉफी दिली, भात भरलेल्या चपट्या करंज्या दिल्या, आणि पाटी बसवताना त्याचे स्क्रू हातात धरून उभी राहिली. काम झाल्यावर तिनं विचारलं, "अंतर तेवढंच राहिलं ना?"

तो म्हणाला, हो, अंतर तेवढंच.

"मग बसही तेवढीच राहील," ती म्हणाली. त्यानं आणखी दोन करंज्या घेतल्या आणि माझ्याच बसनं परत आला.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर ताइस्तो राहतो. तोही एकटा. बायको हेल्का गेल्यापासून तो बोलायचा त्याहून कमी बोलायला लागला, आणि हे कसं शक्य झालं ते गावाला अजून कोडं आहे. त्याचं आणि सायमाचं वैर नाही, मैत्रीही म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात दोघं आपापल्या धक्क्यावरून जाळं टाकतात आणि एकमेकांना दिसले की मान हलवतात, एवढंच. पण बस वळवताना मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहत आलोय. सकाळी धूर आधी सायमाच्या धुराड्यातून निघतो. त्यानंतर थोड्या वेळानं ताइस्तोच्या. उलट कधी झालेलं मला आठवत नाही.

आता खड्ड्याबद्दल सांगायला हवं. इल्पो शहरात पाणीपुरवठा खात्यात आहे. त्याचं ऑफिस थेट टाकीखाली, म्हणजे सूर्यात. पोरगा वाईट नाही. आईनं लाकडं फोडू नयेत, उचलू नयेत, म्हणून त्यानं अंगणात जमिनीच्या पोटापर्यंत एक भोक पाडून घेतलं. त्यातून खडकातली ऊब वर खेचून घर गरम ठेवणारं यंत्र बसवलं. बाहेर कितीही गारठा असो, घर आपोआप उबदार. सायमानं यंत्राचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली.

इल्पोनं विचारलं, का. ती म्हणाली, सवय. त्यानं समजावून सांगितलं, आकडे दाखवले, शेवटी हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी. बसमध्ये तो मला म्हणाला, "पैसे खड्ड्यात घातले रे. खरोखरचे."

मग गेल्या शरदात ती लाकडाची मोळी घेऊन पायरीवरून घसरली. तासभर पडून होती. आपली आपण उठली, आत गेली, मासे तळले. इल्पोला हे पंधरा दिवसांनी कळलं, तेही बोलता बोलता, माशांचा विषय निघाला म्हणून. त्या दिवशी तो पहिल्यांदा आईवर ओरडला. मग टाकीजवळच्या वृद्धांच्या निवासात त्यानं तिच्यासाठी एक खोली बोलून ठेवली. दक्षिणेकडची खिडकी, खाली डॉक्टर, जेवण हातात. सायमा म्हणाली, विचार करते. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो. पण इल्पो आता शहरात इतकी वर्षं राहिल्यामुळे त्याचा अर्थ हो असा धरून बसला.

जानेवारीत एक व्याख्यान झालं. गावाच्या सभागृहात वर्षातून एकदा काहीतरी ज्ञानाचं असतं, आणि या वेळी विषय होता, प्लूटोवर जीव असू शकतो का. विद्यापीठातून आइला नावाची संशोधक आली. इल्पोनंच तिला आपल्या गाडीतून आणलं. गाव सगळं जमलं, म्हणजे दोन बाकं भरली.

आइला बरं बोलली. म्हणाली, वरून बघितलं तर तिथं काही नाही. नायट्रोजन वायूसुद्धा गोठून दगड झालाय इतकी थंडी. सूर्य म्हणजे एक जरा झगझगीत चांदणी. पण आत खडक आहेत, आणि खडकातली किरणोत्सर्गी द्रव्यं अजून हळूहळू ऊब सोडतायत. त्या उबेनं बर्फाच्या जाड कवचाखाली पाण्याचा समुद्र राहिला असण्याची बरीच शक्यता आहे. अंधारा, गार, पण समुद्र. त्यात अमोनिया असेल तर तो गोठायलाही सहजी तयार होणार नाही. जीवाला पाणी लागतं, कार्बन लागतो, आणि खायला थोडी ऊर्जा लागते. पहिली दोन असतील. तिसऱ्याची मारामार आहे.

"म्हणून तिथं काही जगत असेलच," ती म्हणाली, "तर ते फार थोडं असेल, एकमेकांपासून लांब लांब असेल, अतिशय संथ असेल, आणि वर्षानुवर्षं काहीच करत नसेल."

सभागृहात कुणी हसलं नाही. लोकांनी माना हलवल्या. त्यांना ते शक्य कोटीतलं वाटलं.

कालेर्वो नावाचा आमचा एक म्हातारा आहे, पूर्वी टपाल वाटायचा. त्यानं विचारलं, कुणी जाऊन पाहिलंय का. आइला म्हणाली, एकच यान गेलं होतं. जवळून गेलं, फोटो काढले, थांबलं नाही.

"ओस्मोच्या बससारखं," कालेर्वो म्हणाला. मी वाद घातला नाही.

शेवटी सायमा उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे न बघता बसले. तिनं विचारलं, "आत कुणी असलं, तर बाहेरच्याला ते कळणार कसं?"

आइलानं सांगितलं, एखादी खूण वर आली तर. भेगेतून वाफ, वेगळी द्रव्यं, असं काहीतरी. पण खूण दिसली नाही म्हणून आत कुणी नाही असं म्हणता येत नाही. "खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही."

सायमा म्हणाली, बरं, आणि खाली बसली.

नंतर कॉफीचे कप धुताना इल्पोनं आईला गाठलं. मी कप पुसत होतो, त्यामुळे ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. "आत कुणी असलं तरी बाहेर कुणाला पत्ता नाही. तुझं तेच झालंय. तू पडलीस, कुणाला कळलं?"

"पडले दुपारी. धूर सकाळीच गेला होता," सायमा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नसता गेला, तर कळलं असतं."

"कुणाला?"

"समोरच्यांना."

"कुणी बघत नाही, आई. तुला वाटतं बघतात. इथं कुणी कुणाकडे बघत नाही."

सायमानं एक कप दोनदा धुतला. मग म्हणाली, "सोमवारपासून चूल पेटवत नाही. तुझ्या खड्ड्यावर राहते. कुणी येऊन दार वाजवलं, तर त्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि कुणी नाही आलं तर?"

"शुक्रवारच्या बसला मी आहे."

इल्पो हुशार. त्यानं लगेच अटी घातल्या. तळ्याकडच्या खोल्यांत दिवा लावायचा नाही. फोन घ्यायचा नाही. प्लूटो झाडायला बाहेर पडायचं नाही. आणि मी आलो तर ते धरायचं नाही, कारण मी कामावर असतो, आणि मी कुणाला काही सांगायचंही नाही. मी शब्द दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कप पुसायला गेलो नसतो तर मोकळा राहिलो असतो.

रविवारी भरपूर बर्फ पडलं, त्यामुळे सोमवारी तिच्या घराभोवती एकसुद्धा पाऊल नव्हतं. मंगळवारी सकाळी मी उजाडताना पोचलो तर दगडावर पांढरी टोपी. प्लूटो गायब. तो तसा मी आयुष्यात पाहिला नव्हता. रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा जरासा हलला, त्यावरून मला कळलं की ती ठीक आहे. पण मी धरला जाणार नव्हतो.

परतीच्या फेरीला मार्ता आणि कालेर्वो चढले. मार्ता म्हणजे गावातली सगळ्यात बोलकी बाई. पहिलं वळण गेल्यावर ती म्हणाली, "सायमाच्या धुराड्यातून धूर नाही."

"कालही नव्हता," कालेर्वो म्हणाला.

बस बराच वेळ चालली.

"प्लूटो झाकलाय."

"हं."

"मी फोन केला होता. दोनदा वाजला, मग ठेवला. म्हटलं, उगीच त्रास नको."

"बरोबर केलंस."

"कुणीतरी गेलंच असेल बघायला."

"असेलच."

मग दोघंही नेपच्यूनपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. आमच्या लोकांत दुष्टावा नाही. पण न बोलावता कुणाच्या दारात जाणं म्हणजे तू आता एकटी राहायला धड नाहीस असं तोंडावर सांगणं, आणि सायमाला असं कोण सांगणार? तिच्या हातची आमटी खाल्लेली माणसं. त्यापेक्षा ती मेली असं धरून चालणं सगळ्यांना जास्त सभ्यपणाचं वाटलं.

पुढचं मला सायमानं सांगितलं. ताइस्तोनं ते खोडून काढलं नाही, म्हणजे खरं आहे.

बुधवारी उजाडल्यावर तिनं अंधाऱ्या खोलीतून तळ्यापलीकडे पाहिलं. ताइस्तोच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर होता. आमच्याकडे कुणी गेलं की झेंडा अर्ध्यावर येतो, ज्याच्या घरी गेलं त्याच्याकडे आणि शेजाऱ्याकडेही. सायमाला कळेना कोण गेलं. ताइस्तो एकटा राहतो. तोच गेला म्हणावं तर झेंडा कुणी ओढला? मग तिच्या मनात आलं, त्याचा भाऊ स्वीडनला असतो, तो गेला असणार. आता शेजाऱ्याकडे दुःख झालंय आणि आपण घरात बसून पैज खेळतोय, हे तिला बरं वाटेना. चुलीशिवाय दिवस जात नव्हता म्हणून विजेच्या ओव्हनमध्ये पाव टाकलेलाच होता. तो निघाल्यावर फडक्यात बांधला, पायानं रेटायची घसरगाडी काढली, आणि गोठलेल्या तळ्यावरून सरळ त्याच्या धक्क्याकडे निघाली. पैजेत तिनं घराबाहेर पडू नये असं होतं. पण मयतीपुढं पैज कसली.

तिनं दार वाजवलं. ताइस्तोनं उघडलं. त्याच्या अंगात काळा सूट होता, टायसकट. एवढा गारठा असून घरात चूल थंड होती.

"वाईट झालं," सायमा म्हणाली. "कोण गेलं?"

ताइस्तोनं तिच्याकडे पाहिलं. नंतर तिच्या घसरगाडीकडे पाहिलं. नंतर पुन्हा तिच्याकडे.

"तू," तो म्हणाला.

सायमानं यावर थोडा विचार केला.

"कधी?"

"सोमवारी. बहुतेक."

"बरं," ती म्हणाली. "मग हा पाव कुणाला देऊ?"

तो बाजूला झाला आणि ती आत गेली. त्यानं विजेच्या शेगडीवर कॉफी ठेवली. निम्मी पूड ओट्यावर सांडली. दोघांनी पावाचे दोन दोन तुकडे खाल्ले. मग सायमानं विचारलं, तुला सोमवारीच कळलं होतं, तर आला का नाहीस.

ताइस्तो आला होता. सोमवारी तळ्याच्या मध्यापर्यंत, मासे धरायला पाडलेल्या भोकापर्यंत. तिथून त्याला सगळं नीट दिसलं. धूर नाही, पाऊल नाही, दिवा नाही. मंगळवारीही तो तिथवर आला आणि परत गेला.

"हेल्का अंथरुणातच होती," तो म्हणाला. "मी जाळं काढून आलो आणि दार उघडलं. तसलं दार मला दुसऱ्यांदा उघडवेना, सायमा. म्हटलं शुक्रवारी ओस्मो येईल, तो उघडेल. तोवर झेंडा तरी करावा."

एवढं सलग बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. सायमाला रडू आलं. ती रडली. मग फडक्यानं तोंड पुसून तिनं त्याला पैज सांगितली, सगळ्या अटींसकट. म्हणाली, तू आला असतास तर मी राहिले असते. आता शुक्रवारी जायला हवं.

ताइस्तो म्हणाला, "हं."

निघताना ती त्याला म्हणाली, झेंडा उतरव आता.

"राहू दे," तो म्हणाला. "शुक्रवारी जातेच आहेस ना."

शुक्रवारी इल्पो माझ्या बसनं आला. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत त्यानं तीनदा विचारलं, कुणी गेलं का रे तिच्याकडे. मी म्हटलं, सांगायचं नाही असं ठरलंय. जंगलात शिरल्यावर तो म्हणाला, "कुणीतरी जायला हवं होतं." जिंकत आलेला माणूस असा आवाज काढत नाही. मला त्याची कीव आली.

गावात वळलो तर समोर, तळ्यापलीकडे, झेंडा अर्ध्यावर. बस थांबायच्या आत इल्पो दारातून उतरला आणि गुडघाभर बर्फातून धावत सुटला. थांब्यावर मार्ता उभी होती, काळा रुमाल बांधून. तिनं त्याला पाहून हात जोडले आणि मान खाली घातली. तेवढ्यात सायमा सुटकेस घेऊन पायरीवर आली.

"अगं," मार्ता म्हणाली, "तू आहेस."

"अजून," सायमा म्हणाली.

इल्पो अंगणात मध्येच उभा राहिला. तो पुढे होऊन आईच्या दंडाला धरून राहिला, जसं लहान मूल गर्दीत धरतं तसं, आणि बराच वेळ सोडेना. मग त्यानं झेंड्याकडे बोट दाखवलं.

"तो माझा," सायमा म्हणाली. "सोमवारपासून मेले आहे मी."

"म्हणजे त्याला कळलं होतं."

"कळलं होतं. दार वाजवलं नाही कुणी. मी हरले. बॅग घे."

इल्पो म्हणाला, आई, असू दे, आपण नंतर बोलू. सायमा म्हणाली, नंतर नाही, ठरलं म्हणजे ठरलं. शाळेतली आमटी मला आठवली. ती शेजारी उभी राहिली की संपवावीच लागे, आणि आज ती स्वतःच्याच शेजारी उभी होती. इल्पोनं बॅग उचलली. मी घड्याळ पाहिलं. निघायची वेळ होऊन गेली होती.

"ओस्मो," सायमा म्हणाली, "वेळ झाली ना?"

"अजून आहे," मी म्हणालो. मला तळ्यावर काहीतरी हलताना दिसलं होतं.

ताइस्तो येत होता. घसरगाडीवर नाही, पायी. वर कोट होता आणि कोटाखाली तोच काळा सूट. तळ्याच्या मध्यावर, भोकापाशी, तो थांबला. इतका वेळ थांबला की मार्तानं माझी बाही पकडली. मग पुढे निघाला. धक्क्यावर चढला, अंगणातून आमच्या सगळ्यांच्या मधून गेला, कुणाकडे न बघता. पायऱ्या चढला. दार उघडंच होतं आणि घरमालकीण त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, कोट घालून उभी होती. त्यानं उघड्या दारावर हातमोज्यासकट थाप मारली. आवाज आला नाही. मग त्यानं हातमोजा काढला, काखेत धरला, आणि बोटांच्या पेरांनी तीन वेळा वाजवलं.

"आत कुणी आहे का?" त्यानं विचारलं.

सायमा त्याच्याकडे बघत राहिली.

"आहे," ती म्हणाली.

ताइस्तोनं हातमोजा पुन्हा घातला. इल्पोनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी पंच असल्यासारखं. मी म्हटलं, शुक्रवारची बस अजून सुटलेली नाही. बस माझी आहे, ती सुटली की नाही हे मलाच माहीत असणार.

इल्पोनं बॅग उचलून आत नेऊन ठेवली. बाहेर आला तेव्हा लाकडाच्या ढिगाकडे गेला आणि दोन्ही हात भरून लाकडं घेऊन पुन्हा आत गेला. स्वतःच्या खड्ड्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ताइस्तो आल्या वाटेनं परत निघाला. सायमानं त्याला कॉफीला थांब म्हटलं, तर म्हणाला, झेंड्याचं बघायला हवं.

मार्ता रुमाल सोडत बसमध्ये येऊन बसली. मी इंजिन चालू केलं नाही. थोड्या वेळानं धुराड्यातून धूर निघाला, आधी काळपट, मग पांढरा, थंडीत सरळ वर जाणारा. तळ्यापलीकडे झेंडा वरपर्यंत गेला, कारण उतरवण्याआधी तो वर न्यावाच लागतो, आणि मग उतरला. त्यानंतर ताइस्तोच्या धुराड्यातून धूर आला. सोमवारपासून त्याच्याकडे चूल पेटली नव्हती.

इल्पो माझ्या मागच्या सीटवर बसला. जंगल अर्धं गेल्यावर त्यानं विचारलं, "तो रोज तिच्यानंतरच पेटवतो?"

"रोज."

"मग ती चूल सवयीची नव्हती."

मी म्हटलं, मी फक्त बस चालवतो.

नेपच्यून आला, तिथं मार्ता कॉफी घ्यायला उतरली. इल्पोनं खिशातून फोन काढला आणि निवासवाल्यांना सांगितलं की ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. पलीकडच्यानं कारण विचारलं असावं, कारण इल्पो जरा थांबला.

"तिला तिकडे काम आहे," तो म्हणाला.